चुंबकाला काय चिकटतें?

श्रोतेहो, कळंब्याच्या तलावाकांठची मूठभर माती वाळवून तिच्यांतून लोहचुंबक फिरवा. बारीक काळे कण त्याला केसांसारखे चिकटून उभे राहतील. हे मॅग्नेटाइटचे कण, आपल्या काळ्या दगडाच्या झिजेंतून सुटलेले. घरीं तोच चुंबक तांब्याच्या घागरीला वा पितळेच्या समईला लावा, दोन्ही उदासीन!

इलेक्ट्रॉन हा मूळचाच सूक्ष्म चुंबक. तांब्यांत त्यांचे प्रभाव परस्परांस मारक ठरतात. लोखंड, निकेल व कोबाल्ट यांत कांहीं एकटे उरतात, आणि शेजारच्या अणूंतील एकट्यांशीं दिशा जुळवून घेतात. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवा, ही एकजूट मोडते.

गृहिणींनीं मात्र ‘चुंबक चिकटला तर स्टील खोटें’ हा बाजारी दाखला मानूं नये. क्रोमियमसह पुरेसें निकेल मिसळलें कीं पोलादाची स्फटिकरचना पालटते व चुंबक त्यास धरीत नाहीं. निकेल स्वतः चुंबकीय असून ही गंमत! निकेलविरहित स्टेनलेस स्टील चिकटतें, पण तेंही खरेंच. आणि इंडक्शनच्या शेगडीवर तर चिकटणारेंच बूड चालतें.

मुंबईंत विजेच्या ट्रामी येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध १९०४ सालापासून अलिबागेस घेऊं लागले. तेथील वेधगृहांत लोखंड तर टाळलेंच, पण भिंतींना काळा दगडही वर्ज्य. दगड आणला पोरबंदरचा. कारण कोंकणच्या काळ्या दगडांतही तेच कण आहेत, जे कळंब्याच्या मातींतून तुमच्या चुंबकाला चिकटले.