गोळी चालू आहे का?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी हो म्हणाले खरी, पण इथे बसलेल्या बहुतेकांची मुलं त्या संधी माझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून संयोजकांची परवानगी काढून विषय बदलून घेतला आहे. आज मी हृदयविकाराबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. तेव्हा औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका.

आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. म्हणजे आपण आपल्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठे! आज आपण सगळे पंचेचाळिशीच्या आगेमागे आहोत. व्हॉट्सअॅपच्या गटावर पूर्वी मुलांच्या बारशाचे फोटो यायचे, आता अधूनमधून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येतं. आपल्या वर्गातले दोघं गेले. दोघंही गावात राहणारे, शेती करणारे, अंगाने काटक. एकाला झटका आला, दुसऱ्याला लकवा. ते गेले तेव्हा गटावर एकच वाक्य फिरत होतं, ‘काहीच नव्हतं हो त्याला.’

मला हे वाक्य खटकलं. काहीच नव्हतं, की कोणी मोजलंच नव्हतं?

हार्ट अटॅक हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार, असं आपण समजत आलो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली आणि कारण शोधलं. हा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. मलेरिया, टीबी यांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर काय होतं? पक्षाघात. १४.३ टक्के मृत्यू, म्हणजे सातांत एक. आणि त्यातले ८७ टक्के लोक घरीच गेले. ही गडचिरोलीची खेडी आहेत, मुंबईचा दादर नव्हे. लकवा डोक्यात होतो आणि झटका हृदयात येतो, पण दोघांची मुळं बरीचशी एकाच जमिनीत असतात: वाढलेलं बीपी, तंबाखू, साखर. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. माणूस हळद काढतो, बैल धुतो, लग्नात नाचतो, आणि आत रक्तवाहिन्या झिजत राहतात. यंत्रात बिघाड असून दिवा लागत नाही, असा हा प्रकार आहे. कळायचा एकच मार्ग, दंडाला पट्टा बांधून मोजणे.

आता आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल सांगते. ती गावात आशा आहे. नाव घेऊ नको असं तिने मला बजावलं आहे, पण तुम्ही सगळे तिला ओळखता. ती आत्ता पाणी वाटायच्या निमित्ताने मागे जाऊन उभी राहिली आहे.

आशा म्हटलं की आपल्याला बाळंतपण आणि लसीकरण आठवतं. ही योजना २००५ साली आली ती त्यासाठीच. पण आता तिच्याकडे आणखी एक फॉर्म असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा. वय किती, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्यात व्यायाम किती, आईवडिलांना बीपी-शुगर होतं का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आरोग्य केंद्रात आधी तपासायला पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी गेल्या दिवाळीत तीन दिवस तिच्याबरोबर फिरले, तेव्हा कळलं की फॉर्म वेगळा आणि गाव वेगळं.

पुरुषाच्या कमरेला टेप लावायची कशी? ती टेप त्याच्या बायकोच्या हातात देते आणि आकडा स्वतः वाचते. ‘तंबाखू खाता का?’ असं बाईला विचारलं की उत्तर येतं, ‘नाही बया, आपण नाही खात.’ मग ही विचारते, ‘मिश्री लावता का?’ ‘ती तर लावतेच की, दात घासायला.’ दिवसातून किती वेळा? चार. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण हे छापील प्रश्नाच्या पकडीत येत नाही. ते गावातल्या बाईलाच माहीत असतं. एका फॉर्मचे तिला १० रुपये मिळतात.

हे झालं शोधणं. खरं अवघड काम त्यानंतर सुरू होतं, आणि आज मला सांगायचं आहे ते हेच. बीपी सापडतं, गोळी सुरू होते, महिनाभराने मोजलं तर आकडा खाली आलेला असतो. माणूस म्हणतो, बरं झालं, आता कशाला गोळ्या खायच्या? बीपी गोळीमुळे खाली आलं आहे, हे त्याला पटत नाही. सोयाबीन काढणी आली, दवाखान्यात जायला सवड नाही, पट्टी संपली, राहून गेलं. वर्षभराने तोच माणूस नांदेडच्या आयसीयूत. अशा प्रत्येक घराची तिला माहिती आहे. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर अशा लोकांची नावं आहेत. ती वही तिला कोणी लिहायला सांगितलेली नाही. घरात गेली की ‘गोळी घेता का?’ असं ती विचारत नाही, कारण सगळे ‘हो’च म्हणतात. ‘पट्टी दाखवा’ म्हणते. देव्हाऱ्याशेजारून पट्टी येते, ती उरलेल्या गोळ्या मोजते आणि तारखेशी ताडून पाहते. कोणत्याही रिपोर्टपेक्षा हे पक्कं.

सर, तुम्ही हजेरी घ्यायचात आणि एखादा पोरगा सलग दोन दिवस दिसला नाही की वर्गातली दोन मुलं त्याच्या घरी पाठवायचात. तो कधी म्हशीमागे सापडायचा, कधी कापूस वेचताना. त्यातले काही आज इथे शर्टाला इस्त्री करून बसले आहेत, तुमच्यामुळे. आजाराच्या बाबतीतही तेच आहे. हजर असलेल्याची काळजी सगळेच घेतात. गैरहजर कोण, हे पाहणारं माणूस लागतं.

माझ्या धंद्याचं एक उदाहरण देते. नोव्हेंबर २०१७मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे घेतले. सगळ्यांना एकच ठरलेली उपचारपद्धत, गोळ्या घराजवळ, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. नोंदीसाठी ‘सिंपल’ नावाचं अॅप वापरलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोणालाही उघडून पाहता येतं, म्हणून मी पाहिलं. नर्सला काही सेकंदांत नोंद करता यावी असं ते केलं आहे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ठरलेल्या तारखेला न आलेल्यांची यादी. वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिल्यावर सांगते, इतकी उपयोगी यादी मी फार कमी पाहिली आहे. पण यादीतल्या आजोबांचा मोबाइल नंबर असतो पुण्यातल्या मुलाचा. मुलगा मीटिंगमध्ये. शेवटी त्या आजोबांच्या ओट्यावर कोणाला तरी चालतच जावं लागतं. त्यापुढचं अॅप अजून निघालेलं नाही, निघेल असं मला वाटतही नाही.

हे भावनेच्या भरात बोलत नाही. चीनमध्ये ३२६ खेड्यांत, सुमारे ३४,००० लोकांवर असाच प्रयोग झाला. तिथे मोठे डॉक्टर नव्हते, गावातले साधे प्रशिक्षित आरोग्यसेवक बीपीची औषधं देत होते आणि पाठपुरावा करत होते. तीन वर्षांनी पाहिलं तर झटका, लकवा आणि त्यांनी होणारे मृत्यू यांचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी. आणि आपल्याकडे तर ही वाट जुनी आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती.

मग अडतं कुठे? रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी आशाला सहा महिन्यांचे ५० रुपये आहेत. हिशेब मी केला, दिवसाला २८ पैसे होतात. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा आपल्या गटावर कोणीतरी लिहिलं होतं, ‘यांना आता काय पाहिजे?’ ज्याने लिहिलं तो इथेच आहे, मी त्याच्याकडे बघत नाही. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही. पण ‘आरोग्यदूत’ म्हणून हार घालायचा आणि मोबदल्याचं नाव निघालं की सेवाभाव आठवायचा, हे मला पटत नाही.

बाहेरगावी राहणाऱ्या मित्रांनो, आता थोडं तुमच्यासाठी. माझी मैत्रीण सांगते, ‘पोरगा पुण्याहून भारी गोळ्या आणतो. मग सरकारी गोळी बंद. भारीतली संपली की दोन्ही बंद.’ दवाखान्यात मिळणारी अॅम्लोडिपिन तीच अॅम्लोडिपिन असते, पाकीट साधं असतं एवढंच. आईवडिलांची गोळी बदलायचीच असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा आणि आशाला सांगा. तिचा नंबर फोनमध्ये ठेवा. घरी गेलात की आधी पट्टी बघा, मग बाकीच्या गप्पा. माझी आई मला म्हणते, ‘तुझा फोन येऊन जातो. तिची चप्पल ओट्यावर वाजली की मला गोळी आठवते.’

मिठाचं माहेरवाशिणींसाठी सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. ठेचा सोडा असं मी म्हणणार नाही, मला या गावात पुन्हा यायचं आहे. वरून मीठ घेणं तेवढं सोडा. आणि छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, हात-जबडा दुखू लागला तर गॅस आहे म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ला फोन करा.

माझं बोलणं संपलं. बाहेर व्हरांड्यात, आपल्या जुन्या आठवीच्या वर्गासमोर, आरोग्य केंद्राच्या सिस्टर आणि आपली मैत्रीण मशीन घेऊन जेवणापर्यंत बसणार आहेत. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं आहे. आपल्या वर्गाला ते जमेल का, माहीत नाही. आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर घाबरू नका, वहीत नाव लिहून द्या, पुन्हा मोजायला बोलावतील. पहिला नंबर बाईंचा, मग सरांचा. त्यानंतर हजेरीच्या क्रमाने.