खाडीची तब्येत चिखलाला विचारूया

(प्रभागसंघाच्या जानेवारीच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आधी एक कबुली. गेल्या वर्षी शिणाण्यांच्या शेतीचा विषय निघाला तेव्हा मी तुम्हाला याच ओसरीवर सांगितलं होतं, "पाणी तपासून आणलंय, रिपोर्ट चांगला आहे." ती एक बाटली होती. भरतीच्या वेळी, नाल्याच्या तोंडाजवळ, सकाळी दहाला भरलेली. तेव्हा मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "अगो, पाणी इलां नि गेलां. चिखल खंय जाता?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मी समाजकार्य शिकले, प्राणिशास्त्र नाही. म्हणून ज्यांना कळतं त्यांना विचारलं, मिळालं ते वाचलं. तेव्हा कळलं की आजी जे बोलल्या, त्यावर जगभर शास्त्र उभं आहे.

मुद्दा सोपा आहे. नदीखाडीचं पाणी दिवसातून दोनदा बदलतं. सकाळी घाण सोडली तर संध्याकाळच्या बाटलीत ती सापडेलच असं नाही. मासा तर पोहून दुसरीकडे जातो. पण तळाच्या चिखलात नि वाळूत राहणारे जीव, म्हणजे आपल्या तिसऱ्या, खुबे, कालवं, शंख, छोटे खेकडे आणि गांडुळासारखे दिसणारे समुद्री किडे, हे कुठे पळणार? जे येईल ते त्यांना सोसावं लागतं. त्यांतले काही काही महिने जगतात, काही कित्येक वर्षं. म्हणजे बाटली एका तासाचं सांगते आणि चिखल मागच्या कित्येक महिन्यांचं.

आता चिखल नेमकं काय सांगतो ते बघा. सांडपाणी, मासळीची घाण, कुजका कचरा खाडीत गेला की तो तळाशी बसतो. त्याला कुजवणारे सूक्ष्म जीव प्राणवायू वापरून टाकतात. प्राणवायू संपला की चिखल काळा पडतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास मारतो. खोल बिळं करणारे, सावकाश वाढणारे मोठे जीव आधी जातात. त्यांच्या जागी बारीक लाल दोऱ्यासारखे किडे भरमसाट होतात. त्यातल्या एकाचं नाव कॅपिटेला. तो जगातल्या अनेक घाणेरड्या खाड्यांच्या तळाशी सापडलाय. याहून जास्त घाण झाली तर तोही उरत नाही. कोण आधी जातं, कोण नंतर येतं, हा क्रम पीअर्सन आणि रोझेनबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी 1978 साली मांडला. पुढे 2000 साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी या जीवांचे पाच गट पाडले. एका टोकाला जरा घाण झाली तरी मरणारे, दुसऱ्या टोकाला घाणीतच वाढणारे. कोणत्या गटातले किती सापडले यावरून शून्य ते सहा असा आकडा काढतात. आकडा जितका मोठा तितकी तब्येत वाईट. काहीच जिवंत नसलं तर सात.

यासाठी बोटीतून जबड्यासारखं मिटणारं लोखंडी भांडं तळाशी सोडतात, चिखल वर आणतात, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात आणि उरलेले जीव भिंगाखाली एकेक करून मोजतात. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे अशी कामं होतात. प्रत्येक किडा ओळखायला वर्षांचा सराव लागतो. ते आपल्याकडून होणार नाही आणि होईल असं मी म्हणतही नाही.

शंखांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1970 च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ दिसून आलं की समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतायत. (इथे सभेत जो हशा झाला तो मी लिहीत नाही.) नंतर कारण सापडलं: बोटींच्या बुडाला शेवाळ नि कालवं चिकटू नयेत म्हणून जो रंग लावत, त्यातलं एक रसायन. पाण्यात ते इतकं कमी होतं की सहज कळलं नसतं, पण गोगलगायींनी दाखवून दिलं. 2008 पासून असा रंग जहाजांना लावायला जगभर बंदी आहे.

आता आपल्या खाडीकडे येऊ. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या उधाणाच्या ओहोटीला आपल्यातल्या सहा जणी माझ्याबरोबर आल्या. दोन जागा धरल्या. एक नाल्याच्या तोंडाजवळ, जिथे तराफे बांधायचं ठरत होतं. दुसरी वरच्या वळणावर, जिथे तुम्ही पिढ्यान् पिढ्या तिसऱ्या काढता. बांबूच्या पट्ट्यांची अर्धा मीटरची चौकट, एक खुरपं, पिठाची चाळण (घरात परत न वापरण्याच्या बोलीवर मिळाली) आणि बचत गटाची जुनी वही. चौकट टाकायची, आतली बिळं मोजायची, वीतभर खणायचं, खाडीच्याच पाण्यात चाळायचं, सापडेल ते लिहायचं आणि जिवंत जीव परत सोडायचे.

वळणावर चिखल बराच खोलपर्यंत तपकिरी निघाला. बारीक, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांच्या तिसऱ्या होत्या, खेकड्यांची बिळं होती. तीन मापं दिसणं महत्त्वाचं आहे. याचा अर्थ पिल्लं बसतायत आणि जगतायतही. नाल्याजवळ बोटाच्या एका पेराखालीच काळं लागलं, वास आला, रिकाम्या शिंपल्या नि लाल दोरे सापडले. दोन्ही खेपांना एकही जिवंत तिसरी नाही.

लगेच निकाल लावू नका, मीही लावत नाही. कांदळवनाखालचा चिखल चांगल्या खाडीतही काळा आणि वासाचा असतो, कारण पानं तिथे कुजतच असतात. म्हणून वाळूची तुलना वाळूशी आणि चिखलाची चिखलाशी करायची. आपल्या दोन्ही जागा कांदळवनापासून लांबच्या, उघड्या चिखलाच्या आहेत, ते बघूनच घेतल्या. दुसरं, पावसात गोडं पाणी आलं की तळाचे बरेच जीव दरवर्षी मरतात किंवा वाहून जातात, नंतर पुन्हा बसतात. ऑगस्टची नोंद डिसेंबरच्या शेजारी ठेवून "खाडी मेली" म्हटलं तर आपलंच हसं होईल. आणि तिसरं जरा कडू आहे. कुठे फक्त बारीकच तिसऱ्या दिसल्या, तर दोष नाल्याचा नसेल, आपल्या टोपल्यांचाही असेल. मोठ्या आपणच काढून नेल्या असतील. दोन ताई यावर माझ्याशी भांडल्या. भांडा, पण वहीत मापं लिहाच.

हे सगळं आत्ता का? कारण कर्जाचा प्रस्ताव. बांबू, दोर, पिंप आणि सुती जाळी यांच्यासाठी गटाने प्रभागसंघाकडे कर्ज मागितलंय. पावसाळ्यानंतर शिणाण्यांचं बी जाळीत गुंडाळून दोरीला बांधायचं, पुढच्या पावसाच्या आत काढायचं. पाच-सहा महिन्यांचं पीक. शिणाणे खायला घालावे लागत नाहीत, पाणी गाळून ते स्वतःच पोट भरतात. त्यातच धोका आहे. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. म्हणूनच 1975 साली एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुचवलं की किनाऱ्याचं प्रदूषण शिणाण्यांच्या मांसावरून मोजावं, आणि पुढे अमेरिकेत तसं काम सुरू झालं. सांडपाण्याचे जंतू शिणाण्यात गेले तर स्वच्छ पाण्यात ठेवून बरेचसे कमी करता येतात. शिसं, पारा यांसारखे धातू उकळून जात नाहीत. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याचा पारा खाडीत गेला, मासे-शिंपल्यांमधून माणसांत गेला, आणि 1956 मध्ये तो आजार उघडकीला आला तेव्हा अनेक कुटुंबांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं होतं. आपल्या नाल्यात पारा आहे असं मी म्हणत नाही. तिथे गावाचं सांडपाणी आणि मासळी धुतलेलं पाणी येतं, एवढं सगळ्यांना दिसतं. पण ज्या जागी तिसरी जगत नाही, तिथे चौदा घरांचं कर्ज टांगायचं का, हा प्रश्न मी सहीच्या आधी विचारणार.

अध्यक्ष ताईंशी बोलणं झालंय ते असं: प्रस्ताव रद्द नाही, जागा बदलायचा विचार. बी बांधायला अजून ऑक्टोबर लांब आहे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलच्या ओहोट्यांना त्याच दोन जागा पुन्हा मोजायच्या आणि वळणाच्या खाली तिसरी एक जागा धरायची, जिथे तराफ्याला पुरेशी खोली आहे. ती वही घेऊन रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारायचं की शिणाण्यांचं मांस तपासून मिळेल का. आपली वही हा दाखला नाही, पण रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरी. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, आपल्या नोंदींची नक्कल तिथेही द्यायची. नाल्याचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा "आम्हाला वाटतं" याऐवजी तारखेसकट बोलता येईल.

माघी पौर्णिमेच्या ओहोटीला वळणावर भेटू. पायात जुनी चप्पल घाला, कालवांनी पाय कापतो. चौकट माझ्याकडे आहे. चाळण मात्र अजून एक हवी, कुणाच्या घरून निघेल ते अध्यक्ष ताईंना आधी कळवा. आणि त्या आजींना कुणीतरी हाताला धरून घेऊन या, मला त्यांना काळा चिखल दाखवायचाय.