शब्द न्या, वाक्यंही न्या

सन्माननीय अध्यक्ष, दूरदूरून आलेले अभ्यासक, आणि घाट चढून जळगाव जामोदकडून आलेल्या निहाल मंडळींनो,

वाक्यरचना आणि मानवी भाषेचा उगम या विषयावरची परिषद आमच्या बुलढाण्यात होऊन राहिली, याचा स्वागताध्यक्ष म्हणून मला आनंद आहे. ‘होऊन राहिली’ हे मुद्दाम म्हटलं. पुण्याकडचे पाहुणे त्याला हसतात. खुशाल हसा, पण ‘जेऊन राहिला’, ‘पाऊस पडून राहिला’ या रचनेचा नियम इतका चोख आहे की शाळेची पायरी न चढलेलं पोरही तो चुकवत नाही.

तुमच्या विषयावर एकेकाळी बंदी होती. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने 1866 मध्ये नियमावलीतच लिहून टाकलं की भाषेच्या उगमावरचे निबंध घेणार नाही. पुरावा नाही आणि कल्पनेला आवर नाही, अशी तेव्हा गत होती. आमच्या लोणारचंच बघा. विवर समोर आहे, खडक हाती आहे, तरी त्याचं वय आधी 50 हजार वर्षांच्या आसपास सांगत आणि नव्या मोजणीत ते 5 लाखांच्या पुढे गेलं. बोलणं तर दगडावर ठसाही ठेवत नाही.

भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की म्हणतात, भाषेची मूळ करामत एवढीच: दोन घटक जोडायचे आणि जे तयार होईल ते पुन्हा कशाला तरी जोडायचं. ‘मामाच्या शेतातल्या विहिरीच्या काठावरच्या लिंबाची सावली’, वाढवा हवी तेवढी. ही शक्ती माणसात एकाएकी आली असं त्यांचं मत. ती नैसर्गिक निवडीने हळूहळू घडली, अशी बाजू पिंकर आणि ब्लूम यांनी 1990 मध्ये मांडली. या मंडपात त्याचा निकाल लागेल असं मला वाटत नाही. भांडण मात्र रंगेल.

माझी भीती वेगळी आहे. इथे आलेल्या निहाल मंडळींची निहाली भाषा कुठल्याच भाषाकुळात बसत नाही असं ऐकलं की उगम शोधणाऱ्यांचे डोळे चमकतात. जणू आदिमानवाची बोली सातपुड्यात लपून बसली होती! तसं काही नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात स्टेन कोनो यांनी 1906 मध्ये तिची नोंद कोरकू भाषेच्या जोडीने मुंडा भाषांच्या खंडात केली. 1962 मध्ये कायपर यांनी तिचे शब्द इतर भाषांशी ताडून पाहिले, तर सुमारे चौथा हिस्सा कुठेच जुळेना. बाकीच्यात कोरकू आहे, द्रविड आहे, मराठी-हिंदीही आहे. दोन, तीन, चार हे आकडे द्रविड वळणाचे, पाचापासून पुढचे आपल्या ओळखीचे. एवढी उसनवारी होऊनही या भाषेतलं वाक्य लंगडं झालेलं नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय आपल्या जागी; तक्रारही करता येते, थट्टाही, खोटंही बोलता येतं. सांगलीजवळच्या कुपवाडात निराळंच घडलं. गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवलं की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकींसारखी होत गेली. शब्द एका वाटेने उसने येतात आणि रचना दुसऱ्याच वाटेने. असं का, हे कोडं मला उगमाच्या वादाहून मोलाचं वाटतं. त्याचा पुरावा तरी आज इथे खुर्च्यांवर बसला आहे.

निहाली बोलणारे दोन-अडीच हजारच असतील. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह 1996 चा, नागराज यांचं व्याकरण 2014 चं. दोन्ही कामं मोठी. तरी एक सांगतो. शब्द गोळा करणं सोपं: बोट दाखवा, नाव विचारा. ‘तू आला नसतास तर मी एकटाच गेलो असतो’ हे निहालीत कसं म्हणतात, हे कळायला गावात मुक्काम करावा लागतो. तो करा. भांडणं, गोष्टी, नवस असं सगळं पुरं नोंदवा, आणि त्या ध्वनिमुद्रणाची प्रत ज्याने बोलून दिलं त्याच्या घरी पोचवा.

दुपारी ज्वारीची भाकर, पिठलं आणि ठेचा आहे. ठेचा बेताने घ्या, संध्याकाळच्या सत्रात बोलायचं आहे. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.