'मुक्तामाला' ते 'मोचनगड' : अद्भुताची वाट
(शताब्दी महोत्सवानिमित्त गुंजी येथे दिलेले व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी ज्ञानेश्वरीवर किंवा एखाद्या थोर चरित्रावर बोलावे असा शिरस्ता आहे. मी मात्र आज, ज्या पुस्तकांकडे विद्वानांनी बहुधा हसून पाहिले त्यांच्या गौरवार्थ उभा आहे. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली अद्भुतरम्य कादंबरी हा मान तिला दिला जातो. तत्पूर्वी चारच वर्षे, १८५७ मध्ये, बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांची दुःस्थिती मांडली होती. म्हणजे मराठीत वास्तव आधी आले आणि अद्भुत मागून! वाचक मात्र बराच काळ अद्भुताच्याच मागे गेला. सुशील नायिका, कपटी खलपुरुष, ताटातूट, अरण्यवास आणि अखेरीस मीलन, ही वाट पुढे अनेकांनी तुडवली.

असे का झाले? याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर नारो सदाशिव रिसबूड यांनी दिले आहे. 'मंजुघोषा' या १८६८ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण निःसंकोचपणे सांगितली. आमच्या विवाहपद्धतीमुळे व इतर कारणांमुळे आमच्या नित्य आयुष्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही. तेव्हा मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. या कबुलीत त्या काळचा केवढा समाजेतिहास दडला आहे! ज्या घरांत मुलामुलींची लग्ने बालपणीच ठरत, तेथे प्रीतीची कथा रचणार कशी? ती कल्पित राज्यांतच पाठवावी लागली. त्या राजवाड्यांना आपण हसतो. पण वास्तवात ज्यांना जागा नव्हती, त्या भावनांनी तेथे बिऱ्हाड केले होते. आणि नाही तरी, ज्या वाङ्मयप्रकाराला आपण, तसेच आपल्या कन्नड बांधवांनी, बाणभट्टाच्या प्रेमविह्वल नायिकेचे नाव दिले, त्याने अद्भुताशी नाते कसे तोडावे?

आता आपल्या गावाकडे वळतो. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या आडनावातच हे गाव आहे. त्यांचा जन्म १८४३ सालचा, याच खानापूर तालुक्यातील जांबोटीचा. १८६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाचे ते पहिले संपादक. व्याकरण, लिपी, ज्ञातींचा इतिहास अशा रुक्ष विषयांत रमणाऱ्या या पंडिताने १८७१ मध्ये 'मोचनगड' लिहावी, हे मला फार लोभस वाटते. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. परंतु गड कल्पित आहे. अद्भुताची हौस त्यांनी टाकली नाही. तिला शिवकालाची भूमी दिली, एवढेच. परंतु हे 'एवढेच' थोडे नव्हे. अनाम राज्यांत भटकणारी मराठी कादंबरी सह्याद्रीच्या ओळखीच्या मुलखात उतरली. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'पर्यंत जाणारा रस्ता येथून निघतो, असे माझे मत आहे. आपल्या सीमाभागाने मराठीला काय दिले, असे कोणी विचारले तर पदमनजी आणि गुंजीकर ही दोन नावे सांगावीत. मराठी कादंबरीच्या दोन वाटांच्या आरंभी ती उभी आहेत.

कार्यकारी मंडळास एक विनंती. शताब्दीच्या निमित्ताने कपाटांची झाडाझडती होईल, जीर्ण पुस्तकांची यादी होईल आणि तीत या जातीच्या कादंबऱ्या प्रथम येतील. कारण ज्या पुस्तकांना अनेक हात लागले तीच आधी फाटतात. रुक्ष ग्रंथ कोरे करकरीत राहतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मोचनगड' यांची एखादी जुनी प्रत, मुखपृष्ठ गेलेली का असेना, हाती लागली तर ती रद्दीत न घालता बांधणीकडे पाठवावी. पहिल्या चार प्रतींच्या बांधणीचा खर्च मी आनंदाने देईन.