कोंबडीची रात्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोंबड्यांचा विषय निघाला की दाणा, लस आणि अंडी यांवर सगळ्या बोलतात. मी बोलणार आहे कोंबडीच्या झोपेविषयी. हसू नका! घरच्या चार-दहा कोंबड्या बहुधा बाईच्याच असतात आणि अंड्यांचा पैसाही तिच्याच हाती येतो. कोंबडीची रात्र वाईट गेली, तर तोटा त्या पैशाला.

कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो रात्री झाडावर चढून झोपतो. घरच्या कोंबडीलाही तीच ओढ असते. खुराड्याला कुलूप भले मोठे, पण आत बसायला दांडी नाही, असे आपल्याकडे फार दिसते! मग बिचाऱ्या रात्रभर स्वतःच्या विष्ठेत बसतात.

दांडी दोन इंच जाडीची असावी, वरच्या कडा तासून गोल केलेल्या. बारीक काठीवर बसून छातीचे हाड वाकडे होते. गुळगुळीत बांबूवर पाय घसरतो. दर कोंबडीस आठ इंच जागा धरावी, म्हणजे दहा कोंबड्यांना साडेतीन फुटांच्या दोन दांड्या पुरतात. वनराजासारख्या अंगाने भरलेल्या जातीला दहा इंच द्यावेत. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर, एकमेकींपासून आणि भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवाव्यात. एक वर, एक खाली केली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण! उंची दीड-दोन फूट पुरे. जड कोंबडी उंचावरून उडी मारते, तळपायाला इजा होते आणि तिथे गळू धरते. अंडी घालायची पाटी मात्र दांडीपेक्षा खालीच हवी, नाहीतर कोंबड्या पाटीतच झोपून ती घाण करतात.

आता मुख्य गोष्ट. दांडी खिळ्यांनी ठोकू नका. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना खाचा पाडून त्यांत ती घट्ट बसेल, पण उचलता येईल, अशी ठेवा. कारण रक्त शोषणारे बारीक किडे दिवसा लाकडाच्या फटीत आणि सांध्यात लपतात व रात्री बाहेर येऊन कोंबडीला चावतात. दिवसा कोंबडीचे अंग तपासले तर काही सापडत नाही. कोंबडी मात्र खंगते, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात आणि आपण म्हणतो, दृष्ट लागली! रात्री पांढरे फडके दांडीच्या खालच्या अंगाने फिरवून पाहा. तांबडे डाग उमटले की ओळखा. सकाळी दांडी काढून तिच्यावर आणि खाचांत उकळते पाणी ओता, दिवसभर कडक ऊन द्या. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच करा, कारण अंडी मागे राहतात. किडे दिसेनासे होईपर्यंत हा क्रम सोडू नका.

दांड्यांखाली राख पसरावी, म्हणजे सकाळी झाडणे सोपे जाते. ते खत ताजे वांग्या-मिरच्यांना घालू नये, रोप जळते. आधी खड्ड्यात कुजवावे.

नव्या तलंगा पहिल्यांदा कोपऱ्यात गोळा होऊन बसतील. अंधार पडला की एकेकीला अलगद उचलून दांडीवर ठेवावे. काही संध्याकाळी असे केले की पुढे त्या आपण होऊन चढू लागतात.