उलट विधान खरे की खोटे?



नववीच्या भूमितीत अगदी सुरुवातीला ‘जर-तर’ची विधाने येतात. जरचा भाग पूर्वांग, तरचा भाग उत्तरांग, आणि दोघांची अदलाबदल केली की व्यत्यास. ही अदलाबदल मुलांना चटकन जमते. मूळ विधान खरे असले म्हणून व्यत्यासही खरा ठरत नाही, हे मात्र सहजी गळी उतरत नाही.

याचे कारण मला आपल्या अभ्यासक्रमातच दिसते. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय झाले की पाठोपाठ त्याचा व्यत्यास, तोही खरा. समांतर रेषांचे तेच. दहावीत पायथागोरस, चक्रीय चौकोन, प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, सगळीकडे जोडी ठरलेली. मग मुले धरूनच चालतात की विधान उलटे केले तरी खरेच असणार.

म्हणून शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की पहिला व्यत्यास खोटा ठरणारा घ्या. ‘जर चौकोन समभुज असेल, तर त्याचे कर्ण परस्परांना लंब असतात.’ याचे उलट विधान फळ्यावर लिहा आणि खरे की खोटे ते सांगू नका. वहीत ८ सेंटिमीटरचा रेषाखंड काढायला लावा. एका टोकापासून २ सेंटिमीटरवर त्याला लंब, दोन्ही बाजूंना ३-३ सेंटिमीटर. चारही टोके जोडली की पतंग तयार! कर्ण लंब आहेत, पण दोन बाजू सुमारे ३.६ सेंटिमीटर आणि दोन ६.७. व्यत्यास खोडायला ही एक आकृती पुरते. सिद्ध करायला मात्र शंभर आकृत्याही अपुऱ्या. आता विचारा, पूर्वांगात काय घातले तर व्यत्यास खरा होईल? ‘कर्ण एकमेकांना दुभागत असतील तर,’ हे वर्गातूनच येऊ द्या. घाई करू नका, तास संपला तरी चालेल.

पायथागोरसच्या वेळी हे फार उपयोगी पडते. बाजू ५, १२, १३ दिल्या की मुले लिहितात, ‘पायथागोरसच्या प्रमेयानुसार काटकोन त्रिकोण.’ पण त्या प्रमेयात काटकोन आधीच दिलेला असतो. युक्लिडने पहिल्या पुस्तकात ४७ वे विधान मांडल्यावर ४८ व्यात त्याचा व्यत्यास वेगळा सिद्ध केला. त्यासाठी त्याच दोन बाजू घेऊन नवा काटकोन त्रिकोण रचला, त्याला ४७ वे विधान लावले आणि तिन्ही बाजूंवरून दोन्ही त्रिकोण एकरूप दाखवले. आपली बाबाबा कसोटीच ती.

तेव्हा नुसता गुण कापू नका. मुलाला विचारा, ‘काटकोन तुला दिला होता, की तू शोधलास?’ ‘शोधला’ म्हणताना बहुतेकांच्या लक्षात येते, आणि ‘व्यत्यासानुसार’ हा शब्द ती आपणहून वहीत घालतात.