प्रवेशापासून पदवीपर्यंत

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गरीब घरातील मुलामुलींना महाविद्यालयीन शिक्षणामुळे इतरांच्या बरोबरीने उभे राहता यावे आणि त्यांच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती पालटावी, याकरिता महाविद्यालयांनी काय करावे, हा आजचा विषय आहे. त्यावर बोलताना आपण सामान्यतः राखीव जागा आणि फीमाफी यांची चर्चा करतो. ती आवश्यकच आहे. परंतु प्रवेश घेतलेला विद्यार्थी पदवी हाती पडेपर्यंत टिकतो कसा, याची विचारपूस त्या मानाने कमी होते. पुष्कळदा गळती होते ती येथेच, आणि तीही फार थोड्या रकमेपायी. खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले, की मुलगा ‘पेरणी उरकून येतो’ असे सांगून गावी जातो. तो परत येत नाही, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरीची खूण पडत राहते.

आपल्या राज्यात ज्यांनी हा प्रश्न प्रथम ओळखला, त्यांनी आरंभ वर्गापासून नव्हे, तर राहण्या-जेवण्यापासून केला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले मंगळसूत्र मोडले, ही हकिकत आपणा सर्वांस ठाऊक आहे. ती आपण गहिवरून सांगतो. पण तिच्यातील व्यवहाराची बाजू अशी की, शिक्षणाचा पहिला खर्च धान्याचा असतो, हे त्या घराने जाणले होते.

पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयाच्या पातळीवर आली. अंगमेहनत करावी व त्या मोबदल्यात शिकावे, अशी तिची रचना होती. तिचे मर्म विद्यार्थ्याची मान ताठ राहण्यात होते. आपण कोणाच्या उपकारावर शिकत नाही, ही जाणीव त्याला लाभे. आज अनेक महाविद्यालयांत ही योजना आहे. मात्र काही ठिकाणी कपाटे पुसणे आणि कागद लावणे एवढ्यावरच ती थांबलेली दिसते. त्याऐवजी प्रयोगशाळेतील मदत, हिशेब लिहिणे, संगणकावरील नोंदी अशी कामे दिली, तर मिळालेल्या मोबदल्याबरोबर नोकरीच्या वेळी दाखविता येईल असा अनुभवही गाठीस लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न वेळेच्या अंगाने सोडविला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, संस्थेचे दुसरे महाविद्यालय निघाले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वसतिगृहांत आलेल्या खेड्यापाड्यांतील मुलांना त्याचे मोल काय वाटले असेल, याची कल्पना येते.

आता आजच्या सवलतींकडे वळू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तिच्यात वर्षाला ६० हजार रुपयांची मदत ठरविण्यात आली. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. हा निर्णय मोठाच आहे. तथापि फी माफ झाली म्हणून खोलीचे भाडे, पुस्तके आणि प्रवास माफ होत नाही. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर जमा होईपर्यंत कित्येकदा सत्र उलटते.

ही मधली पोकळी महाविद्यालयच भरून काढू शकते. विद्यार्थी साहाय्य निधीतून तीन-चार महिन्यांच्या खाणावळीपुरती उचल द्यावी आणि शिष्यवृत्ती आली की ती वळती करून घ्यावी. सलग आठवडाभर गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या घरी एखाद्या प्राध्यापकाने दूरध्वनी करावा. यास पैसा लागत नाही. वर्गांचे वेळापत्रक एस.टी.च्या वेळा पाहून आखावे. शेवटचा तास संपण्यापूर्वीच गावची गाडी सुटत असेल, तर त्या गावच्या मुली तो तास बुडवतात आणि थोड्याच दिवसांत घरचे त्यांचे जाणेच बंद करतात. (या बाबतीत प्राचार्यांच्या पत्रापेक्षा सरपंचांनी आगारात प्रत्यक्ष जाऊन बोलणे अधिक उपयोगी पडते.) योजनांची माहितीही सूचनाफलकाच्या काचेआड न ठेवता प्रवेशाच्या वेळीच पालकांना समोर बसवून समजावून दिली पाहिजे.

पंचायत सदस्यांकडे एक काम असे आहे की, जे महाविद्यालयास करता येत नाही. बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच गावातील विद्यार्थ्यांची यादी करावी आणि उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र यांपैकी कोणाचे काय अपुरे आहे ते पाहावे. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासावे, कारण मंजूर झालेली रक्कम अनेकदा तेवढ्यावरून अडते. तलाठ्यांना एक दिवस ग्रामपंचायतीत बोलावून हे अर्ज एकत्रित तहसील कार्यालयाकडे पाठविता येतील. मे महिन्यात हे झाले, तर जूनमध्ये दाखल्यासाठी पालकांची मजुरी बुडणार नाही.